ऋतुचर्येचे दोन तक्ते आणि विदर्भाचा उन्हाळा

आयुर्वेदातल्या ऋतुचर्येचा, म्हणजे ऋतूप्रमाणे पाळायच्या आहार-विहाराचा, एकच तक्ता सगळीकडे छापलेला दिसतो. माघ-फाल्गुन शिशिर, चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत. अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या शेतकऱ्याने तो जसाच्या तसा पाळायचा ठरवला, तर वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर असताना त्याला वसंताचे पथ्य करावे लागेल. म्हणजे कफ झडावा म्हणून भरपूर व्यायाम, कोरडे उटणे, रुक्ष आहार. आणि आषाढात पेरणीच्या चिखलात उभे राहून ग्रीष्माची थंड पेये! शरीराची गरज दोन्ही वेळा नेमकी उलट असते.

ग्रंथकारांना ही अडचण ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सहाव्या अध्यायात, ऋतूंची मांडणी दोनदा येते. दुसरी मांडणी वात, पित्त, कफ या दोषांचा संचय (साठणे) आणि प्रकोप (उसळणे) सांगण्यासाठी आहे. तिच्यात शिशिर नाही, त्याऐवजी प्रावृट् हा पावसाच्या सुरुवातीचा ऋतू आहे: फाल्गुन-चैत्र वसंत, वैशाख-ज्येष्ठ ग्रीष्म, आषाढ-श्रावण प्रावृट्, भाद्रपद-आश्विन वर्षा, कार्तिक-मार्गशीर्ष शरद, पौष-माघ हेमंत. अकराव्या शतकातला टीकाकार चक्रपाणिदत्त याने काश्यपाचे एक वचन उद्धृत केले आहे. गंगेच्या दक्षिणेला पाऊस जास्त, म्हणून तिथे प्रावृट् आणि वर्षा असे दोन ऋतू. उत्तरेला थंडी जास्त, म्हणून तिथे हेमंत आणि शिशिर. ‘अष्टांगहृदय’ लिहिणाऱ्या वाग्भटानेही शोधनाचे, म्हणजे साठलेला दोष शरीराबाहेर काढण्याचे, महिने सांगताना वातासाठी श्रावण, पित्तासाठी कार्तिक आणि कफासाठी चैत्र धरला आहे. म्हणजे उपचाराची वेळ आली की हिशेब दुसऱ्या मांडणीचाच. विदर्भासाठी तीच जास्त जवळची, असे आमचे मत आहे. पूर्ण जुळते असे नाही. आश्विनातल्या ‘ऑक्टोबर हीट’ला पहिला तक्ताच बरोबर बसतो.

या भागाचा ग्रंथपरंपरेशी संबंध जुना आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयाला असलेला बोपदेव वरदेच्या, म्हणजे वर्धा नदीच्या, काठचा. त्याचे वडील केशव वैद्य होते. त्यांच्या ‘सिद्धमंत्र’ या ग्रंथात आहारातले आणि औषधातले पदार्थ कोणता दोष वाढवतात वा शमवतात यानुसार लावले आहेत आणि त्यावर टीका बोपदेवाचीच आहे. पथ्य सांगणाऱ्याला हाताशी हवी तशी ही यादी.

काळाइतकाच देश, म्हणजे प्रदेश, महत्त्वाचा. कोरडा, कमी पाण्याचा तो जांगल, दलदलीचा, दाट झाडीचा तो आनूप, मधला साधारण. बुलडाणा-अकोल्याची काळी कपाशीची जमीन जांगलाकडे झुकते, तर भंडारा-गोंदिया-गडचिरोलीचा तलाव-बोड्यांचा (बोडी म्हणजे लहान तळे) धानपट्टा आनूपाकडे. पश्चिमेला ज्वारीची भाकर, पूर्वेला भात. त्यामुळे दोन्हीकडे एकच पथ्य सांगणारा वैद्य अर्धेच वाचून आलेला असतो.

ग्रीष्मात ग्रंथ मधुर, थंड, पातळ आणि हलके खायला सांगतात. आंबट, खारट, तिखट आणि व्यायाम टाळायला सांगतात. याच ऋतूत दुपारच्या झोपेला मुभा आहे. सातूचे पीठ तूप लावून थंड पाण्यात कालवायचे, फार पातळ नाही, फार घट्ट नाही, हा मंथ. आपल्याकडे मात्र आंबील, ताक आणि कैरीचे पन्हे चालते, म्हणजे आंबट आणि मीठ दोन्ही. इथे आम्ही गावाच्या बाजूने आहोत. उन्हात राबणाऱ्याच्या घामातून पाण्याबरोबर मीठही जाते आणि नुसते गोड थंड पाणी ते भरून काढत नाही. कैरी भाजून किंवा उकडून गर काढावा, गूळ आणि चिमूट मीठ घालावे. आंबील मात्र उन्हाळ्यात लवकर जास्त आंबते, म्हणून रात्री भिजवलेले पीठ सकाळीच शिजवून संपवावे. माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर पन्हे पाजत बसू नये, घोट श्वासनलिकेत जातो. सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

उन्हाळ्यात साठलेला वात पहिल्या पावसात उसळतो आणि अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद होतो. नेमकी तेव्हाच पेरणी. ग्रंथ श्रम टाळा म्हणतात, ते शेतकऱ्याला शक्य नाही. मग सांभाळायचे ते ताटात. वर्षभर जुने धान्य, मुगाचे कढण, आले, सैंधव, थोडे तूप, सगळे गरम. वाग्भटाचे माप असे: पोटाचे चार भाग धरून दोन अन्नाला, एक पातळ पदार्थाला, एक वाऱ्याला मोकळा. उन्हाळी सवय एकदम तोडू नये. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्याचे पहिले सात असे चौदा दिवस ऋतुसंधीचे. त्यात जुने चौथाई सोडायचे, तितकेच नवे घ्यायचे, आणि टप्प्यांमध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवायचे. चार शिळ्या भाकरी खाणाऱ्याने आधी एक ताजी करावी, मग दोन.

पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे हे सगळे सांगतात. काही जण ते आटवून अर्धे करतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणीच खारे असलेल्या भागात, हे करू नये: पाणी निम्मे झाले की क्षार दुप्पट तीव्र होतात. खळखळून उकळी आली की उतरवावे. सुश्रुताने गढूळ पाण्यासाठी निवळीचे बी सांगितले आहे. त्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, निवळल्यावरही उकळावेच.

शरदात पित्ताचा जोर असतो, म्हणून दही, तेलकट आणि उन्हातली वणवण कमी करावी. चांदण्यात बसण्याचा सल्लाही याच ऋतूतला, कोजागिरी त्याला धरूनच येते. थंडीत भूक चांगली लागते, तेव्हा तीळ, उडीद, अंगाला तेल.

मेळघाट आणि गडचिरोलीच्या जंगलातला हिरडा ऋतूप्रमाणे घेण्याची रीत सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात आहे: वर्षा ऋतूत सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. चूर्णाची मात्रा साधारण ३ ग्रॅम. लोक एवढेच पाठ करतात आणि पुढचा निषेध वगळतात. चालून थकलेला, अशक्त, कृश, उपाशी, पित्ताधिक, रक्त गेलेला माणूस आणि गर्भवती बाई यांनी हिरडा घेऊ नये असे तिथेच लिहिले आहे. उपाशीपोटी निंदणी करून आलेल्या मजुराला तो देणे म्हणजे जुलाबाने आणखी थकवणे.

त्याच भावप्रकाशात त्रिपुट, म्हणजे पूर्व विदर्भातली लाखोळी, वात अतिशय वाढवते आणि माणसाला लंगडा-पांगळा करते असे म्हटले आहे. दुष्काळात महिनोन्महिने मुख्यतः लाखोळीवर राहिलेल्यांचे पाय लुळे पडतात, हे पुढे आधुनिक वैद्यकानेही दाखवले. त्यामागे त्या डाळीतले मज्जातंतूंना घातक द्रव्य आहे. डाळ भरपूर पाण्यात भिजवून, उकळून ते पाणी फेकल्याने हे द्रव्य बरेच कमी होते, सगळे जात नाही. वरणात तुरीबरोबर अधूनमधून आली तर भीती कमी, रोजच्या ताटात तीच एक डाळ नको.