रक्तदाब आधी दिसला तो डोळ्यांत

बीपी वाढलं की नजरेवर परिणाम होतो, हे आता बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. पण डोळ्यांतले बदल डॉक्टरांना आधी दिसले आणि रक्तदाब मोजायचं साधन बऱ्याच वर्षांनी आलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

1836 साली लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांचं वर्णन करताना अधू होणाऱ्या नजरेचीही नोंद केली. जिवंत माणसाच्या डोळ्यात आत डोकावायची सोय मात्र नव्हती. ती 1851 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या ऑफ्थॅल्मोस्कोपने झाली. 1859 मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ लीब्राइख यांनी अशाच रुग्णांच्या दृष्टिपटलावरचे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावरचे बदल नोंदवले, पण सगळा दोष मूत्रपिंडांकडेच राहिला. 1876 मध्ये लंडनचे डॉक्टर गॉवर्स यांनी डोळ्यातल्या अरुंद झालेल्या रोहिण्यांचा (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्यांचा) संबंध बोटाला ताठ लागणाऱ्या नाडीशी, म्हणजे वाढलेल्या दाबाशी जोडला. माझ्या मते खरं वळण इथेच आहे.

1890 च्या दशकात लंडनचे नेत्रतज्ज्ञ मार्कस गन यांनी आणखी बारकाईने पाहिलं. दृष्टिपटलात रोहिणी जिथे नीलेला (हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिनीला) ओलांडते, तिथे नीला चिमटल्यासारखी दिसत होती. त्या जागी दोघींभोवती एकच आवरण असतं. वर्षानुवर्षं दाब सोसून रोहिणीची भिंत जाड आणि टणक झाली, की शेजारची मऊ नीला दबते. तिच्यात रक्त अडून गुठळी झाली, तर दृष्टिपटलाच्या अडथळ्यामागच्या भागात रक्तस्राव होतो, सूज येते आणि एका डोळ्याची नजर अचानक धूसर होते. दुखत काहीच नाही. म्हणूनच माणसं दवाखान्यात उशिरा पोहोचतात, आणि हे फार वाईट आहे.

रिवा-रोची यांचा हातावर बांधायचा पट्टा 1896 मध्ये आला आणि कोरोत्कोव्ह यांची स्टेथोस्कोपने आवाज ऐकायची पद्धत 1905 मध्ये. आता डोळ्यात दिसणाऱ्या बदलांशेजारी रक्तदाबाचा आकडाही मांडता येऊ लागला. 1939 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी 219 रुग्णांचे डोळे तपासून त्यांचे चार गट केले. रोहिण्या जेमतेम अरुंद झालेल्या पहिल्या गटातले सुमारे 70 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. चौथ्या गटात दृष्टिमज्जातंतूच्या, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या तोंडाशीच सूज होती. त्यातले हयात राहिले फक्त 6 टक्के. हा आकडा आजही अंगावर येतो, कारण तेव्हा डॉक्टरांच्या हाती परिणामकारक औषधच नव्हतं.

1950 च्या दशकात ती औषधं येऊ लागली आणि चौथ्या गटाचं चित्र पालटलं. दाब आटोक्यात आला की रक्तस्राव आणि कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढरे डाग बरेचदा विरून जातात. जाड झालेल्या रोहिण्या मात्र सहसा पूर्ववत होत नाहीत. अतिशय चढलेला दाब एकदम खाली आणला, तर दृष्टिमज्जातंतूचा रक्तपुरवठा तुटून नजर कायमची जाऊ शकते. त्यामुळे अशा रुग्णाचा दाब बहुधा डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच उतरवतात.