जलविमान व बुश फ्लाइंग प्रशिक्षण : सोलापुरातील पूर्वतयारी
पाण्यावर उतरणारे विमान चालवण्याचा, तसेच धावपट्टी नसलेल्या माळावर, नदीच्या वाळूवर किंवा डोंगरातल्या गवताच्या तुकड्यावर विमान उतरवण्याचा (म्हणजेच बुश फ्लाइंगचा) अभ्यासक्रम सुरू करण्याआधी वैमानिकाने करायची तयारी. हे अभ्यासक्रम मुख्यतः अमेरिका व कॅनडात चालतात. सोलापूर जिल्ह्यात त्यांपैकी एकही शिकवला जात नाही. तरीही तयारीचा मोठा भाग इथे उरकतो आणि एकदोन गोष्टी तर इथेच जास्त चांगल्या कळतात.

आंरी फाब्र या फ्रेंच अभियंत्याने २८ मार्च १९१० रोजी पाण्यावरून पहिले यशस्वी उड्डाण केले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश उडत्या बोटी (पाण्यावर उतरणारी मोठी विमाने) कराचीहून कोलकात्याला जाताना राजसमंदच्या तलावावर, ग्वाल्हेरला आणि अलाहाबादला थांबत. स्वतंत्र भारतात असे प्रयोग झाले, पण रुजले नाहीत. अंदमानात २०१०च्या डिसेंबरात सेवा सुरू झाली. साबरमती ते केवडिया ही सेवा ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू होऊन पुढच्याच वर्षी थांबली. बुश फ्लाइंग ही कॅनडा व अलास्काची गरज होती, कारण तिथे रस्ते कमी आणि तळी अमाप. त्या कामासाठीच बनवलेले डी हॅव्हिलँड बीव्हर १९४७ मध्ये पहिल्यांदा उडाले आणि आजही कामावर आहे.

परवाना असलेल्या वैमानिकाला अमेरिकेत एक इंजिनाच्या जलविमानाची पात्रता घ्यायची असेल, तर किमान तासांची अट नाही आणि लेखी परीक्षाही नाही. तोंडी प्रश्न आणि प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी, एवढेच. बहुतेक ठिकाणी दोनतीन दिवसांत काम संपते. म्हणूनच कोरा जाणारा फसतो : पहिला दिवस दोर कसा बांधायचा आणि फ्लोटमधले (विमानाला तरंगवणाऱ्या पोकळ पायांतले) पाणी पंपाने कसे उपसायचे यातच जातो.

पाणी वाचायला उजनीचा काठ पुरेसा आहे. भीमेवरचे हे धरण माढा तालुक्यात असून १९८० मध्ये पूर्ण झाले. साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. दुपारी काठावर बसून बघावे. वारा ज्या काठाकडून येतो तिथे पाण्याची गुळगुळीत पट्टी असते. त्यापुढे वाऱ्याच्या दिशेने लांबट रेघा पडतात. लाटांच्या माथ्यावर फेस फुटू लागला की वारा १० नॉटच्या (ताशी सुमारे १८ किलोमीटर) आसपास आला असे धरतात. नवशिक्याने छोटे विमान तिथेच आवरावे. वारा कुठून आणि किती, हे आधी मनाशी ठरवावे आणि मग मासेमाराला विचारावे. तो क्वचितच चुकतो.

हिवाळ्यातल्या सकाळी उजनीकाठच्या कुंभारगावच्या बाजूला पाणी आरशासारखे पडलेले असते. रोहित पक्ष्यांचा थवा आणि त्याची सावली यांतले अंतर डोळ्याला सांगता येत नाही. जलविमानाच्या वैमानिकाला सर्वांत घातक पाणी ते हेच, कारण उंचीचा अंदाज पार जातो. अशा वेळी खाली बघून विमान टेकवायला जायचे नाही. काठाजवळून यायचे, नाक ठरावीक कोनात धरायचे, इंजिनाच्या जोरावर मिनिटाला सुमारे १५० फूट या वेगाने उतरत राहायचे आणि पाणी आपणहून लागू द्यायचे. हे कितीही वाचले तरी पटत नाही; थव्याकडे दहा मिनिटे बघितले की पटते.

उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरले, की पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे मंदिर वर येते. भरलेल्या धरणात त्याची खूणही दिसत नाही. उतरण्याआधी पाण्यावरून एक फेरी मारून बुडालेली झाडे, खांब, जाळी शोधायची असतात, त्यामागचे कारण या एका मंदिरात कळते.

जलविमानाला ब्रेक नसतो. इंजिन सुरू झाले की ते निघते आणि मोकळे सोडले की वाऱ्याकडे तोंड करते. धक्क्याला लागताना खाली उतरून दोर पकडणे हे वैमानिकाचेच काम. निरगाठ ताणाने आवळते आणि घाईत सुटत नाही. बैलाच्या दाव्याची सुरगाठ ओढली की सुटते, पण हिसक्याने नको तेव्हाही सुटते. म्हणून ताण सोसून पुन्हा सहज सुटणारी बोलाईन ही गाठ आणि खुंटीवरची आठआकडी गुंडाळी डोळे मिटून जमेपर्यंत घरी करावी. घरचे हसतात, हसू द्यावे.

पोहणे सर्वांत आधी, आणि तेही अंगात कपडे घालून. विमान उलटले तर एक हात दाराजवळच्या ठरलेल्या खुणेवर ठेवूनच पट्टा सोडायचा, कारण पट्टा सुटला की दिशा हरवते. जीवरक्षक जाकीट अंगात असावे, पण ते फुगवायचे बाहेर पडल्यावर. १९९६ मध्ये कोमोरोसजवळ समुद्रात पडलेल्या इथियोपियन विमानातील बरेच प्रवासी जाकीट आतच फुगवल्याने अडकून बुडाले. ४२ अंशांची सवय असलेल्या माणसाला अलास्काचे पाणी वेगळेच भेटते. तिथला आडाखा असा : श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय नीट चालतात ती दहा मिनिटे, आणि गारठ्याने शुद्ध हरपायला साधारण एक तास.

हेच ४२ अंश बुश फ्लाइंगला मात्र कामी येतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० फुटांवर आहे. या उंचीवर विमानाच्या गणितात धरलेले प्रमाण तापमान १२ अंश; मे महिन्यात पारा ४२ वर गेला की फरक ३० अंशांचा. दर जादा अंशाला १२० फूट उंची वाढली असे धरले, तर विमानाच्या दृष्टीने आपण ५,१०० फुटांवर उभे असतो. हवा विरळ, पंखा कमी ओढतो, धाव लांबते. डोंगरातल्या आखूड पट्टीचे गणित करायला गच्चीवरचा तापमापक पुरतो.

भारतात शिकलेल्या बहुतेकांचे तास पुढे चाक असलेल्या विमानावर झालेले असतात, तर बुश विमानांना ते शेपटीखाली असते. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे पडतो, त्यामुळे जमिनीवर थोडे वाकडे गेलेले विमान आणखी वाकडे जाऊ पाहते आणि पेडलवरचे पाय सुस्त असतील तर गरकन फिरते. अमेरिकेत याला वेगळी परीक्षा नाही, प्रशिक्षकाची नोंदवहीत सही लागते. ती जलविमानाच्या आधी मिळवावी.

कागदपत्रांत भारतीय परवान्याची परदेशी नियामकाकडून पडताळणी हे सर्वांत रेंगाळणारे काम. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि व्हिसा त्याच्याबरोबरच चालू ठेवावेत.

सामान मऊ पिशवीत न्यावे, कडक सुटकेस छोट्या विमानात बसत नाही. अलास्कात विमानात अन्न, प्रथमोपचार, आग पेटवण्याचे आणि इशारा देण्याचे साधन ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. सोलापूरची कडक भाकरी त्या अन्नात शोभेल, कित्येक दिवस टिकते आणि वजनाला हलकी. शेंगाचटणीचा डबा मात्र वजनात धरावा. फ्लोट स्वतःच जड असल्याने अशा विमानात माणूस व सामान यांना जागा थोडी उरते. प्रशिक्षक पहिल्याच पत्रात वजन विचारतात, आणि ते बूट, जाकीट, पिशवीसकट सांगायचे असते.