आखूड बोटांना गिटार जमत नाही?

‘बोटं आखूड आहेत, गिटार जमायची नाही’ असं ऐकून कितीतरी मुलं वाद्य सोडून देतात. हे खरं नाही. १९२८ साली कॅरॅव्हॅनला (राहत्या गाडीला) लागलेल्या आगीत गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यांनी जॅझमध्ये अजोड सोलो वाजवले!

शिकताना एफ कॉर्ड (पहिल्या बोटाने एकाहून जास्त तारा दाबून एकत्र वाजवायचे सूर) अडतो तो बहुतेकदा तारांच्या उंचीमुळे. नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उथळ असल्या की पहिल्या फ्रेटपाशी (मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूपट्टीपाशी) तार दाबायला फार जोर लागतो. स्वस्त गिटारमध्ये हे सर्रास आढळतं. जाणकार कारागिराकडून खाचा नीट करून घ्या, तारा बारीक लावा. अंगठा गिटारच्या मानेमागे (लांब दांड्यामागे) मधोमध ठेवला की बोटांची पोहोचही वाढते. लहान मुलांना मात्र ६५० मिलिमीटर तारलांबीच्या क्लासिकल गिटारऐवजी पाऊण मापाचीच द्यावी.