ऑफिस पेपरलेस झाले म्हणजे एचआर 'ग्रीन' झाले?

ऑफर लेटर, पगारपत्रक, रजेचा अर्ज ॲपवर गेले की 'आमचे एचआर ग्रीन झाले' असे वर्षानुवर्षे मिरवले जाते. हिशेब मांडून पाहा.

५०० पानांचे ए-४ रीम भरते अडीच किलो; ते बनवताना होणारे उत्सर्जन काही किलोंच्या घरात. आता रोज ३० किमी एकट्याने कारने ये-जा करणारा कर्मचारी घ्या. लिटरला १५ किमी धरले तर २ लिटर पेट्रोल, लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कामाच्या २२ दिवसांत १०० किलो. आणि त्याच्या पेट्रोलभत्त्याचे धोरण कोण लिहिते? एचआरच!

खरे काम इथे आहे. भत्ता गाडीला न जोडता प्रवासाला जोडा, म्हणजे बसचा पासही त्यात बसेल. शिफ्टच्या वेळा ठरवण्याआधी कर्मचाऱ्यांचे पिनकोड काढून बसमार्ग आखा. ओव्हरटाइमनंतर परतीची बस नसेल तर लोक पुन्हा दुचाकीवर येतात. बहुतेक योजना इथेच फसतात.

केआरएमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्याच्या कामाच्या वार्षिक उद्दिष्टांत, 'पर्यावरणपूरक वर्तन: १० गुण' लिहिले की सगळ्यांना आठ मिळतात. त्याऐवजी मेंटेनन्स सुपरवायझरकडे कारखान्यातल्या कॉम्प्रेस्ड एअरची (यंत्रांसाठी दाबाखाली भरलेल्या हवेची) गळती सोपवा: ७ बार दाबाच्या लाइनला ३ मिमीचे एक छिद्र तीनेक किलोवॅट खाते. मोजमाप मात्र विजेच्या एकूण युनिटवर नको. उत्पादन घटले तरी युनिट कमी दिसतात आणि फुकटचा बोनस जातो. उत्पादनाच्या टनामागे युनिट धरा, तेही सारख्याच उत्पादनाच्या महिन्यांशी ताडून.

शेअर बाजाराची नियामक सेबी हिचा बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल, बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा आहे. पण कर्मचाऱ्यांच्या ये-जा प्रवासाचे उत्सर्जन ज्यात येते, तो स्कोप ३ (कंपनीच्या थेट ताब्याबाहेरचे, पण तिच्या कामामुळे होणारे उत्सर्जन) त्यात ऐच्छिक होता.