शेलचा स्टार वेगळा, ल्युसीनचा वेगळा

ल्युसीन ही सर्च लायब्ररी घेऊन डेस्कटॉप सर्च लिहिणारे हमखास विचारतात: टर्मिनलवर शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालणारा *, ? वाला पॅटर्न इथे का चालत नाही? त्यावर कुणीतरी तितक्याच हमखास सांगतं, इंडेक्स (शोधासाठी बनवलेली शब्दांची सूची) पुन्हा बांधा. कृपा करून हा सल्ला देणं थांबवा. इंडेक्स ठीकच असतो.

वाइल्डकार्डची, म्हणजे कुठल्याही अक्षरांच्या जागी चालणारी, चिन्हं सारखीच आहेत. * म्हणजे कितीही अक्षरं, शून्यसुद्धा; ? म्हणजे एक. शेलमधले चौकोनी कंस ल्युसीनच्या वाइल्डकार्डात चालत नाहीत, एवढंच.

घोळ होतो तो पॅटर्न कशाशी ताडला जातो यात. शेल अख्खं फाइलनाव घेतं. ल्युसीनची वाइल्डकार्ड क्वेरी (शोधाची विनंती) फक्त टर्म बघते, म्हणजे इंडेक्स करताना ॲनालायझरने पाडलेले सुटे तुकडे. 'वार्षिक अहवाल' नावाची फाइल शेलला 'वार्षिक*अहवाल' वर मिळते. स्टँडर्डॲनालायझरने मात्र त्याच्या दोन टर्म केलेल्या असतात. दोन्ही शब्द पोटात घेणारी टर्मच नाही, तर जुळणार कशाशी? अवतरणचिन्हांत "वार्षिक अह*" लिहूनही भागत नाही. क्लासिक क्वेरीपार्सर (टाइप केलेल्या मजकुराची क्वेरी बनवणारा भाग) तिथल्या स्टारला वाइल्डकार्ड मानतच नाही. त्यासाठी कॉम्प्लेक्सफ्रेजक्वेरीपार्सर आहे.

स्टेमर (शब्द मूळ रूपावर आणणारा भाग) लावला असेल तर आणखी फसगत. इंग्रजी 'रनिंग'ची इंडेक्समध्ये 'रन' झालेली असते, पण वाइल्डकार्डचा शब्द स्टेमरमधून जात नाही. 'रनिं*' शोधणाऱ्याला मजकुरात शब्द डोळ्यांना दिसतो आणि निकाल शून्य येतो. देवनागरीत ? सुद्धा जपून वापरा: तो एक युनिकोड कोडपॉइंट (एका चिन्हाला दिलेला क्रमांक) धरतो, आणि काना-मात्रा वेगळे कोडपॉइंट असतात. 'काम' हवं तर '?म' नाही, '??म' लागेल.

सुरुवातीचा स्टार किंवा ? क्लासिक पार्सर मुळात नाकारतो. टर्म शब्दकोशासारख्या क्रमाने लावलेल्या असतात. पहिलं अक्षरच माहीत नसेल तर सगळ्या चाळाव्या लागतात. सेटअलाउलीडिंगवाइल्डकार्ड लावून ही सोय चालू करता येते, पण मोठ्या इंडेक्सवर मी ती कधीच चालू करणार नाही.

फाइलनावावर शेलसारखाच शोध हवा असेल तर नाव वेगळ्या स्ट्रिंगफील्डमध्ये न तोडता ठेवा आणि वाइल्डकार्डक्वेरी थेट कोडमध्ये बनवा. पार्सरकडे दिलीत तर नावातल्या स्पेसवर तो क्वेरी तोडेल.