आपटे : एक आडनाव आणि त्याआधीची दोन आद्याक्षरे

मराठी ग्रंथालयाच्या लेखकसूचीत ‘आपटे’ या आडनावापाशी आले की पहिली अडचण आद्याक्षरांची होते. वा. शि. आपटे आणि वा. गो. आपटे हे दोघेही कोशकार. ह. ना. आपटे आणि ना. ह. आपटे हे दोघेही कादंबरीकार, आणि तेही असे की एकाचे नाव उलटे केले की दुसऱ्याचे तयार व्हावे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असल्यामुळे हरि नारायण आणि नारायण हरि ही बापलेकांची जोडी असावी, असा समज सहज होतो. त्यांच्या वयातले अंतरही त्या समजाला खतपाणी घालते, कारण पहिल्यांचा जन्म १८६४चा आणि दुसऱ्यांचा १८८९चा आहे. प्रत्यक्षात हरिभाऊ खानदेशातल्या पारोळ्याचे, तर नारायण हरि सांगलीजवळच्या समडोळीचे. आडनाव एकच असले तरी घराणी वेगळी आहेत.

आपटे हे चित्पावनांमधले कौशिक गोत्राचे आडनाव. त्याचा संबंध आपट्याच्या झाडाशी किंवा पनवेल तालुक्यात पाताळगंगेकाठी असलेल्या आपटे गावाशी जोडला जातो. या व्युत्पत्तीवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. आडनाव झाडावरून आले की गावावरून, याने पुढच्या कोणाच्याही ग्रंथात काही फरक पडलेला नाही. फरक पडला तो इतिहासाच्या एका वेगळ्या वळणामुळे. १८१८मध्ये पेशवाई बुडाल्यानंतर ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१मध्ये संस्कृत पाठशाळा निघाली, तिच्यातूनच पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज उभे राहिले, १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि घरी पाठांतराने संस्कृत शिकलेल्या कुटुंबांतली मुले इंग्रजी परीक्षांना बसू लागली. ही संधी सर्वांना सारखी मिळालेली नव्हती. ज्या जातींच्या हाती आधीपासून अक्षर होते, त्यांनाच ती सर्वांत आधी मिळाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मराठी ग्रंथसूचीत ठरावीक आडनावे पुन्हा पुन्हा का दिसतात, याचे उत्तर रक्तात शोधण्यापेक्षा इथेच शोधणे योग्य ठरते.

वामन शिवराम आपटे (१८५८–१८९२) हे या बदलाचे अगदी नेमके उदाहरण आहे. सावंतवाडी संस्थानातून आलेल्या या विद्यार्थ्याने मुंबई विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळवली आणि चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकी पत्करली. १८८५मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले तेव्हा त्याचे पहिले प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्याही आत होते. संस्कृत रचनेचे मार्गदर्शक पुस्तक, १८८४चा इंग्रजी-संस्कृत कोश आणि १८९०चा संस्कृत-इंग्रजी कोश ही सारी कामे त्यांनी जेमतेम चौतीस वर्षांच्या आयुष्यात, शाळा-कॉलेजचा कारभार सांभाळून केली. त्या मोठ्या कोशाचे कोणतेही पान उघडावे. मूळ शब्द देवनागरीत असतो, त्यापुढे अर्थ क्रमांकाने दिलेले असतात, आणि अर्थाच्या पाठोपाठ बहुधा एखादा काव्यखंड येतो, ‘शाकुंतला’तला, ‘रघुवंशा’तला किंवा ‘उत्तररामचरिता’तला, अंक-सर्ग आणि श्लोकाच्या क्रमांकासह. परीक्षेला बसणाऱ्या मुलाला काय अडते, हे ठाऊक असलेल्या शिक्षकाचा हात त्या मांडणीत जाणवतो. शेवटी वृत्ते, संस्कृत ग्रंथकार आणि भौगोलिक नावे यांवर परिशिष्टे जोडलेली आहेत. १९५७ ते १९५९ या काळात परशुराम कृष्ण गोडे आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी या कोशाची वाढवलेली आवृत्ती तीन खंडांत काढली, आणि आज अभ्यासकांच्या टेबलावर बहुधा तीच असते.

दुसरे कोशकार वासुदेव गोविंद आपटे (१८७१–१९३०) यांचा मार्ग निराळा होता. त्यांनी संस्कृतकडे न वळता मराठीची नोंद केली. म्हणी आणि वाक्संप्रदाय गोळा केले, ‘मराठी शब्दरत्नाकर’ हा कोश रचला, बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, आणि १९०६मध्ये ‘आनंद’ हे मुलांचे मासिक सुरू केले. कोश करणारा माणूस मुलांचे मासिकही चालवतो, याचे आश्चर्य वाटायला नको; दोन्ही ठिकाणी सोपा शब्द कोणता, हाच प्रश्न असतो. तेही जन्माने खानदेशातलेच, धरणगावचे. कोश आणि कादंबरी यांमुळे ‘पुण्याचे आपटे’ म्हणून ओळखले गेलेले हे तिघे, म्हणजे वामनराव, हरिभाऊ आणि वासुदेवराव, जन्माने पुण्याचे नव्हते, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

खरे नाते जिथे होते, ते हरिभाऊंच्या घरात. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबई उच्च न्यायालयातले वकील. त्यांनी १८८८मध्ये पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली आणि जुन्या हस्तलिखितांचा संग्रह करून संस्कृत ग्रंथ पाठभेदांसह छापण्याची मालिका चालू केली. हरिभाऊ या संस्थेचे व्यवस्थापक झाले. त्यांनी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षण घेतले होते, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निधनावर १८८२मध्ये ‘शिष्यजनविलाप’ हे काव्य लिहिले होते, मात्र विद्यापीठाची पदवी त्यांनी कधी मिळवली नाही. एकीकडे आनंदाश्रमात संस्कृत ग्रंथांची मुद्रिते तपासली जात होती आणि दुसरीकडे १८९०पासून त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येत होती, ज्यात यमू नावाची मुलगी आपले माहेर, सासर आणि वैधव्य स्वतःच्या तोंडाने सांगते. धर्मशास्त्राचे ग्रंथ छापणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापकच विधवेच्या केशवपनाबद्दल असे लिहीत होता, हा विरोधाभास मला त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांपेक्षाही अधिक बोलका वाटतो. १९१२च्या अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. ३ मार्च १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

कालगणना आणि आकाश हा या आडनावाखालचा आणखी एक विषय. दत्तात्रेय विष्णु आपटे हे भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पिढीतले संशोधक. गणित आणि पंचांग यांची जाण असल्यामुळे जुन्या कागदांतल्या शक, तिथी आणि वार यांचा मेळ घालण्याचे काम त्यांच्याकडे साहजिकच आले. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची शिवकालीन घटनांची तिथीवार टिपणे, उजेडात आल्यावर शिवजन्मतिथीचा वाद पेटला, आणि त्या काळात म्हणजे १९२५मध्ये त्यांनी स. म. दिवेकरांबरोबर संपादित केलेला ‘शिवचरित्रप्रदीप’ निघाला. पुढे प्रा. मोहन आपटे यांनी खगोलशास्त्र मराठी वाचकाच्या भाषेत आणले. आधीचे आपटे आकाशाकडे पंचांगातून पाहत होते, मोहनराव पदार्थविज्ञानातून.

कर्तृत्वाच्या याद्या करताना एक नाव हमखास गाळले जाते. गांधीहत्येच्या कटात नथुराम गोडसेबरोबर १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याला ज्याला फाशी झाली, तो नारायण दत्तात्रेय आपटे होता. कादंबरीकार नारायण हरि त्या वेळी हयात होते. दोघांना वेगळे ओळखवणारी गोष्ट फक्त मधले एक नाव. आडनावाचा अभिमान धरायचा तर हेही त्याच पानावर लिहावे लागेल.

नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभात कंपनीने १९३७मध्ये ‘कुंकू’ काढला. व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, आणि हिंदीत हाच चित्रपट ‘दुनिया न माने’ या नावाने आला. वयस्क विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याची बायको म्हणून वागायला ठाम नकार देते. केशवराव दाते यांनी तो विधुर केला. चित्रपटात ती एक इंग्रजी कविताही गाते, लाँगफेलोची, आणि त्या काळच्या सोशिक नायिकांची सवय झालेल्या कानांना ते गाणे चांगलेच वेगळे लागले असणार. हरिभाऊंची यमू आपली व्यथा सांगते आणि सोसते. नारायण हरिंची नीरा सोसायलाच तयार नाही. दोन आपट्यांमध्ये पडलेले एका पिढीचे अंतर या दोन नायिकांमधून जितके कळते, तितके वंशावळीतून कळणार नाही. नीरेची भूमिका करणारी आणि ती कविता आपल्या आवाजात गाणारी नटी सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीची होती. दोन वर्षांनी तिने कंपनीशी झालेल्या वादात प्रभातच्याच फाटकाशी उपोषणाला बसून दाखवले, आणि पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तकही लिहिले. तिचे नाव शांता आपटे.