मूर्ती दिसली की मूर्तिपूजा?

वसईच्या चर्चमधली मरियेची मूर्ती पाहून ‘बायबलात मूर्तीच निषिद्ध’ असं ऐकवणारे पुष्कळ. हे अर्धंच खरं. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात मूर्ती करून तिच्या पाया पडायला मनाई आहे. पण पाचच अध्यायांनी, निर्गम 25 मध्ये, कराराच्या कोशावर (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पवित्र पेटीवर) सोन्याचे करूब, म्हणजे पंख असलेले देवदूत, घडवायला देवच सांगतो. मोशेने पितळी सापही केला. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडला (2 राजे 18:4).

आणि मूर्तीशिवायची मूर्तिपूजा? ती म्हणजे अहंकार. 1 शमुवेल 15:23 देवाची आज्ञा मोडणाऱ्या शौल राजाचा हट्ट थेट मूर्तिपूजेच्या पंगतीला बसवतं. तिथे मूर्तीचा पत्ताही नाही! अलिबागच्या बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) मूर्ती नसते, तरी हे वचन त्यांच्याही ग्रंथात आहेच.